दत्तूमामाचा पासवर्ड

विसरलेला पासवर्ड संमोहनानं आठवतो का, ते मला विचारा. संगमनेरजवळ माझ्या दत्तूमामाचं दूध संकलन केंद्र आहे. परवा त्यानं टाकलेला प्रत्येक पासवर्ड कॉम्प्युटरनं चुकीचा ठरवला. "विसरलो बघ," म्हणत मामा रडकुंडीला आला. संध्याकाळचं दूध यायच्या आत मी संमोहन शिकलेल्या मित्राला घेऊन आलो.

"डोळे जड होतायत," मित्र आवाज लावून म्हणाला. मामा टक्क जागा! गोठ्यातून येऊन मागं भिंतीला टेकलेली मामी मात्र घोरायला लागली.

मी तिला हाक मारणार, तोच मामा कुजबुजला, "गप! लई दिसांनी दुपारची झोपलीय. पासवर्ड गेला खड्ड्यात."

दुधाचे कॅन वाजले तशी मामी उठली. आमचा घोळ ऐकून म्हणाली, "तुमाला आठवंल कसा? काल कॉम्प्युटरनं मागितला म्हनून मीच नवा टाकलाय. सांगाया आले, तर तुमी झोपल्याले. उठवू वाटंना."