तोतारामचा गुडघा आणि वरचा झरा

अडीच क्विंटल, तुम्हाला सांगते, अडीच क्विंटल ओढ सोसली त्या गुडघ्याने, आणि हा माणूस चाळीस वर्षं मला सांगतोय, 'मना गुडघा दुखस वं.' माणूस म्हणजे तोताराम, माझा नवरा. घेतलं नाव. उखाण्याची वाट बघू नका.

मागणं तरी काय होतं माझं? शिरपूरच्या वर सातपुड्यात आमची देवी. नव्या जोडीने पायी चढायचं, वरच्या झऱ्याचं पाणी एकमेकांच्या ओंजळीतून प्यायचं, तेव्हा कुठे आमच्यात लग्न पुरं होतं. लग्नाच्या वर्षी म्हटलं, चला. 'मना गुडघा दुखस वं.' पोरं झाली, सुना आल्या, त्यासुद्धा जाऊन पाणी पिऊन आल्या... मी पायथ्याशी चपला राखत बसले. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर घोडे बघत फिरताना? तेव्हा बरा नाही दुखायचा.

मग ब्याण्णव साली साखरेने पाय सडला, धुळ्याच्या दवाखान्यात मांडीपासून कापला. तिथे देवपूरच्या कॉलेजातले रतिलाल सर आले. 'अक्का, गुडघ्याची वाटी नडगीला बांधणारा एक दोर असतो बघा, तो अभ्यासाला द्याल का? किती ताण सोसतो ते मशीनवर ओढून बघायचंय.' तोतारामने होकाराची मान हलवली. मी म्हटलं, देते, पण बघायला येणार.

एवढासा, दोन बोटं लांबीचा पांढरा पट्टा हो! कॉलेजात सरांनी लोखंडी जबड्यांत धरला, मशीन चालू केलं, सुळकन निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. सर घामाघूम. मी शाळा पाहिली नाही, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, पण अंबाडीचे दोर वळण्यात जन्म गेलाय माझा. म्हटलं, 'सर, ओला दोर गुळगुळीत लोखंडात धरतं का कुणी? गोणपाट लावा.' लावलं, आणि धरला की. आधी सैल सैल लांबला, पीळ उलगडतो ना तसा, मग ताठ. सोडला की पुन्हा जागेवर. सर ओढ वाढवत गेले, एक क्विंटल... दोन... आणि मी मनात म्हणतेय, तूट रे बाबा, लवकर तूट, म्हणजे खरंच दुखत होता म्हणेन. अडीचला एकेक धागा सुटत तुटला. 'अक्का, या वयाला फारच दणकट.' सर खूश. मी त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले... एवढ्या दोरावर किती वेळा चढून आलो असतो आम्ही.

घरी येऊन सगळं सांगितलं. मग कुबडी जवळ ओढत म्हणतो कसा, 'आते दुखत नही. चाल, जाऊत.'

आता काय म्हणावं? तरी उठायला गेले मी, खोटं कशाला बोलू, आणि वाटीखालून अशी कळ आली की मटकन बसले. तोंडातून निघालंच, 'मना गुडघा दुखस.'

हसला नाही. 'माठ शे ना घरमा?' म्हणाला, आणि दोन्ही हात पुढे केले. मी पाणी ओतलं, वाकले... निम्मं माझ्या पदरात.

चाळीस वर्षं जिच्यासाठी झुरले, ती ओंजळच गळकी निघाली.