बारीक देठाची फुलं

पीटर : मिटलेस का डोळे? एक उघडा दिसतोय मला.

ऋतिका : ऑपरेशन तुमच्या डोळ्याचं झालंय, आजोबा. तुम्हाला कसं दिसलं?

पीटर : चाळीस वर्षं मास्तरकी केली. पोरांचे उघडे डोळे मला पाठमोऱ्यालाही दिसतात. मीट. आता समज, तू मधमाशी आहेस. सकाळचे सहा वाजलेत. रात्रीचा पाऊस पानांवर आहे, भोपळ्याची पिवळी फुलं आत्ताच उघडलीत. तू कुठे जाशील?

ऋतिका : बिल्डिंगमध्ये. घरी.

पीटर : का गं? तुझी आई ऑफिसातून सातशिवाय येत नाही. एरवी गोष्ट म्हटली की मांडी घालून बसतेस.

ऋतिका : आज नको.

पीटर : बरं, मीच होतो माशी. एका फुलात शिरलो, अंगाला पिवळी भुकटी लागली. तीच घेऊन फुगीर बुडाच्या फुलात गेलो. भुकटी तिथे पडली, तर त्या बुडाचा भोपळा होतो. नाही पडली, तर बूड पिवळं पडून गळतं. आपल्या वेलावरचे अकरा गळले. का? माशीच आली नाही. आणि माशी का आली नाही? तर शेजारच्या हंसाने तिच्या भेंडीवर औषध मारलं.

ऋतिका : त्यांनी काही मुद्दाम नाही केलं.

पीटर : ते माशीला जाऊन सांग! लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हिल्डा दर वर्षी एक भोपळा बियांसाठी ठेवायची. बी धुवायची, राखेत घोळवायची, बरणीत भरायची. चौऱ्याण्णव साली ती गेली, तेव्हापासून मी ठेवतो. यंदा उरलं होतं तेवढं सगळं लावलं आणि जगला एक वेल. आता भोपळाच नाही तर पुढच्या वर्षी लावू काय?

ऋतिका : बाजारात बी मिळतं ना.

पीटर : हिल्डाचं नाही मिळत.

ऋतिका : आजोबा... माश्या येतात. मी काल पाहिल्या, चार-पाच होत्या. नुसत्या घुटमळत होत्या. त्यांना भुकटीच मिळत नव्हती.

पीटर : न मिळायला काय झालं? बारीक देठाच्या फुलांत असते ती. वेलावर तीच जास्त.

ऋतिका : नाहीयेत. मी तोडली.

पीटर : किती?

ऋतिका : सगळी, कळ्यांसकट. रोज, शाळेत जायच्या आधी.

पीटर : खेळायला?

ऋतिका : नाही हो! तुमच्या डोळ्याला पट्टी होती, वाकायचं नव्हतं, म्हणून तुम्ही वेल माझ्याकडे दिलात. तुम्हीच सांगितलं होतंत, फुगीर बुडाचं फूल फळाचं, बारीक देठाचं नुसतंच फुलतं. केळीच्या बुंध्याशी फुटलेली जादा पिल्लं तुम्ही काढून टाकता ना, फुकट खातात म्हणून? मला वाटलं, ही पण फुकट खात असतील.

पीटर : अगं, पुढे माशीचं सांगणार होतो मी...

ऋतिका : तेवढ्यात हॉस्पिटलला न्यायला रिक्षा आली. तुम्ही म्हणालात, उरलेलं आल्यावर.

पीटर : आणि आल्यावर विसरलो. अर्धा धडा शिकवून उठलो, मास्तर असून. तुला कळलं कधी?

ऋतिका : शुक्रवारी. बाईंनी वर्गात परागकण शिकवले.

पीटर : हंसाने येऊ नये म्हणून मधलं फाटक मी शनिवारी बांधलं.

ऋतिका : दोरी मी धरली होती.

पीटर : हो. तूच धरली होतीस.

ऋतिका : तुम्ही काकूंना इतकं ओरडत होतात! मला वाटलं, खरं बोलले तर तुम्ही मला पण वाडीत येऊ देणार नाहीत. आता रोज येते आणि तरी बरं नाही वाटत.

पीटर : काय काय बोललो मी तिला! म्हणालो, हिल्डा असती तर तुझं तोंड बघितलं नसतं. हिल्डाच्या आजारपणात पेज कोण भरवत होतं? हीच.

ऋतिका : मला मारा, आजोबा.

पीटर : मारून भोपळा धरतो का, वेडे?

ऋतिका : फुगीर बुडाची एक कळी राहिलीय. शेवटची. उद्या उघडेल. पण बारीक देठाच्या नव्या कळ्या अजून मोहरीएवढ्या आहेत. हंसाकाकूंच्या गोठ्यावरच्या भोपळ्याच्या वेलाला आहेत तशी फुलं.

पीटर : तिची भुकटी लावली तर पुढचं बी निम्मं तिचं होईल.

ऋतिका : चालेल?

पीटर : ते तिला विचारायला हवं. मी... बघतो. जाईन कधीतरी.

ऋतिका : फूल उद्याच उघडणार आहे. मी जाते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. कुंपणाशी. फाटक दोरीने बांधलेलं.)

ऋतिका : काकू! हंसाकाकू!

हंसा : कोन गं? ऋतिका? फाटक बंद हाय, दिसत नाय? रस्त्यानं फिरून ये.

ऋतिका : काकू, तुमच्या औषधाने काही नाही झालं. मी केलं. फुलं मी तोडली. आणि माहीत असून शनिवारी दोरी धरली.

हंसा : अगं, दम खा जरा. माझ्या औषधानं नाय?

ऋतिका : नाही.

हंसा : खरं बोल हां. तीन राती डोळा नाय लागला माझा. वाटलं, हिल्डाबायचं बी मीच मारलं. फवाऱ्याचा पंप उचलून माळ्यावर टाकला.

ऋतिका : सॉरी, काकू.

हंसा : रडू नको. फुलं किती पायजेत?

ऋतिका : एक.

हंसा : दोन ने. एक हातातून पडलं तर? पाकळ्या मागं कर आनि आतला दांडा हलका फिरव. तान्ह्या पोराच्या गालाला पावडर लावतात ना, तसा. पानी नको लागू देऊस.

ऋतिका : तुम्हीच लावा ना. शेवटचीच कळी आहे.

हंसा : मी कशी येनार? गाठ बघ केवढी मारलीय. आनि मास्तर कवाचे पायरीवर उभे हायत, या म्हनतात का?

पीटर : ऋतिका, ऊन चढलं की फूल मिटेल. विळा आण आणि काप ती दोरी.

ऋतिका : नको कापायला, गाठ सोडू या. हे टोक मी धरलं होतं, आजोबा. ते तुमचं.