चौथा थर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, सरांना घरी सांभाळणाऱ्या वहिनी आणि भाषणं कधी संपतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांविषयी मी पामराने काय बोलावं? उंटाच्या मूत्रपिंडापाशी अधिवृक्क नावाची छोटीशी ग्रंथी असते; सरांनी उभी हयात तिच्या अभ्यासात घालवली. जीव घाबरला की ती छातीची धडधड वाढवते. उंटाचं मला ठाऊक नाही. आमच्या विभागात मात्र जिन्यात सरांची पावलं वाजली की सगळ्यांच्या ग्रंथी एकदम कामाला लागत.

या ग्रंथीच्या बाहेरच्या भागात तीन थर असतात. जगाला तीनच दिसतात. सरांना चौथा दिसला! गडद जांभळा, नागमोडी. तो दिसायला नजर लागते हो. मी एकदा भीत भीत म्हटलं, "सर, ग्रंथीचा पातळ काप पाण्यावर पसरताना त्याला चुणी पडली असेल." सर म्हणाले, "चुणी तुमच्या अकलेला पडलीय." झालं! थराला सरांचं नाव मिळालं, भिंतीवर त्याचा फोटो लागला. विभागात कुणीही पाहुणा आला की आधी फोटो, मग चहा.

यंदा तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या चष्मेवाल्या मुलीने कहर केला. परीक्षेत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि दिसले तेवढे तीनच थर चित्रात काढले. केवढा हा उद्धटपणा! सरांनी तिला नापास केलं, वर्ष टांगणीला लागलं. पोरीने फेरतपासणी मागितली. तो अर्ज विभागप्रमुखांकडे येतो, आणि आज सकाळपासून, सरांच्या वयाच्या कृपेने, विभागप्रमुख मी आहे.

तेव्हा सर, पहिलं काम म्हणून तुमच्या त्याच ग्रंथीचा, मेणात जपून ठेवलेल्या तुकड्याचा, मी नवा काप घेतला. पाणी नीट कोमट ठेवलं, चुणी पडू दिली नाही. चौथा थर तुमच्या आधीच निवृत्त झाला. अगं, रडतेस काय? पास आहेस तू. मला तुझा फार अभिमान वाटतो.

त्या नव्या कापाची काचपट्टी विभागातर्फे सरांना भेट देत आहोत. वहिनी, घरी सूक्ष्मदर्शक नसला तरी काळजी नको. सरांचं त्यावाचून कधी अडलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वाकडंतिकडं आलं असेल तर माफ करा. ती चुणी समजा, आणि कृपा करून तिला कुणाचं नाव देऊ नका.