भाकरी न जमणारी

उज्वला : ...‘कष्ट केले की माणूस वर येतो, हे माझ्या आईनं, गीताबाईनं, जगून दाखवलं.’ उद्या विहारात इथूनच सुरुवात करते. चालेल ना, ताई?

रूपाली : चालंल की. सगळ्या डोळं पुसतील. जरा सरक, शेगडीला चिकटून बसलीस.

उज्वला : आज तरी डबे बंद ठेवायचेस. उद्या आईचं पुण्यानुमोदन, आणि तू भाकऱ्या थापत बसलीयस.

रूपाली : आपल्यात सुतक नाय, आणि कंपनीला तर नायच नाय. सेकंड शिफ्टच्या पोरांनी बिरवाडीत खोल्या घेतल्या त्या आयच्या डब्याच्या भरवशावर. आय गेली त्या दिवशी पण डबे गेले. सेजलनं केले.

उज्वला : सेजलनं? एकटीनं?

रूपाली : मीच शिकवलंय. भाकरी बघ तिची, टम्म फुगते.

उज्वला : गुणी आहे गं तुझी लेक. परवाच मी तिला म्हटलं, अशीच मेहनत कर, आजीसारखी. कुठे अडणार नाहीस.

रूपाली : हं.

उज्वला : ‘हं’ काय?

रूपाली : काय नाय. तू वाच पुढं.

उज्वला : ‘डबे करून करून तिनं आम्हां दोघी बहिणींना...’

सेजल : मावशी, चहा घे. आई, पुण्याच्या कॉलेजवाल्यांचा परत फोन आला गो. शनिवारपर्यंत नाय आलात तर सीट कॅन्सल. मी सांगून टाकलं, नाय जमणार.

उज्वला : कसली सीट?

सेजल : नर्सिंगची. लागला होता माझा नंबर. टेन्शन नको घेऊ मावशी, एकच वर्ष. पुढच्या वर्षी परत ट्राय मारीन. आजी नाय, आई पॅकिंगला जाते, डबे कोण बघणार?

उज्वला : पण मला का नाही सांगितलंस?

सेजल : तू भाषण लिहीत होतीस ना.

रूपाली : सेजल, कोथिंबीर संपलीय. जा, नाक्यावरून आण.

(सेजल पिशवी घेऊन बाहेर जाते. तव्यावर भाकरी करपल्याचा वास येतो. रूपाली ती हातानेच उलटते.)

रूपाली : ‘एकच वर्ष.’ ऐकलंस? हे मी नाय शिकवलं तिला. आणि दहावीनंतर मी पण अगदी असंच बोलले व्हते.

उज्वला : तू? तुला पुढे शिकायचंच नव्हतं ना? आई म्हणायची, रूपालीला घरातलीच आवड.

रूपाली : आवड! अगो, माझी भाकरी फुगायची. तुझी तव्यावर पडायच्या आधीच तुटायची. महाडच्या होस्टेलला दोघींतली एकच जाऊ शकत व्हती. आयनं बघितलं, कोण गेली तर डबे बंद पडत नाय.

उज्वला : म्हणून मी?

रूपाली : म्हणून तू. गणितं तुला कोण शिकवायचं, आठवतं?

उज्वला : तू. याच ओट्याशी बसून.

रूपाली : मग सांग, मी कमी राबले? उद्या पहिल्या रांगेत मी बसणार. शेजारी मैनामावशी, जलमभर दुसऱ्याच्या शेतात लावण्या केलेली. तू माइकवर बोलणार, कष्ट केले की माणूस वर येतो. आमी दोघींनी काय समजायचं? आमचे कमी पडले?

उज्वला : मला तसं म्हणायचं नव्हतं गं.

रूपाली : ठावं हाय. म्हणून राग पण नाय येत. पण राबणारीला कोण सोडत नाय, उज्जू. तिच्यावाचून नडतं ना.

उज्वला : हे तुला कळतंय, आणि तरी सेजलला...

रूपाली : हां. तरी. पहिल्यांदा तिची भाकरी फुगली तवा मी खूश झाले, आणि तिथल्या तिथं भ्याले पण. ह्यांचा हात मशीनमध्ये गेला तवापासून घर डब्यांवर हाय. काय करू, बोल.

उज्वला : पैसे मी पाठवते. बाई ठेव एखादी.

रूपाली : पाठव, घेईन. मला नाय त्यात कमीपणा. पण बाई मिळेपर्यंत? आणि पोर राहणार कुठं? कॉलेजचं होस्टेल भरलंय.

उज्वला : माझ्याकडे. पुण्यातच तर आहे मी.

रूपाली : कुठल्या खोलीत?

उज्वला : मागच्या. तिथे नुसती पुस्तकं आहेत.

रूपाली : ठावं हाय. मी आले तवा हॉलमध्ये झोपले व्हते. राहू दे. बोलून गेले.

उज्वला : नाही, बरोबर बोललीस. घरी सुहासला आत्ता फोन करते. पुस्तकं खोक्यात घाल म्हणते, नाहीतर दे कुणाला. कॉलेजला कळवते, येतोय म्हणून, आणि उद्याचं झालं की मी स्वतः सेजलला घेऊन जाते.

रूपाली : आणि हितं?

उज्वला : तिला पोचवून परत येते. रजा काढते. डबे मी करीन.

रूपाली : तू? पोरं खोल्या सोडून पळतील गो!

उज्वला : हस. पण शिकव.

रूपाली : आणि रजा संपल्यावर?

उज्वला : माहीत नाही, ताई. तोवर बाई शोधू. नाहीच मिळाली तर डबे कमी करू. पण सेजल नाही.

रूपाली : भाषणाचं काय मग?

उज्वला : पहिलं वाक्य गेलं. दुसरं अजून सुचत नाही.

रूपाली : मग ये, बस हितं. आधी हात धू. ती परात नको, त्यातली तांदळाची उकड गार झालीय. ही घे, आत्ता काढलेली.

उज्वला : चटका बसतोय!

रूपाली : बसू दे. पाण्याचा हात लाव आणि गरम हाय तवर मळ. लहानपणी तू गार पीठ मळायचीस, म्हणून चिरायचं. बाकी काय नाय त्यात.

उज्वला : एवढंच? आईनं मला कधी सांगितलं नाही हे.

रूपाली : मी बोलले व्हते तिला. उज्जूला सांग की, रोज रडते तव्यापुढं.

उज्वला : मग?

रूपाली : बोलली, राहू दे. एकीला तरी नको येऊ दे.

(उज्वलाचे हात परातीत थांबतात.)

रूपाली : मळ गो. गार होतंय.