आपलं आपण

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. डॉक्टर येऊन दोन मिनिटं बोलून गेले आणि दोघींना हसू आवरेना.

"वहिनी, दादाचं हृदय दीड तास बंद होतं म्हणे!"

"मुद्दाम बंद केलेलं. गारेगार करून. तोवर रक्त मशीन फिरवत होतं."

"आणि रक्त परत सोडल्यावर आपलं आपण सुरू झालं. शॉकची तयारी ठेवली होती, लागलाच नाही!"

"आपलं आपण? वन्सं, तीस वर्षांत हा माणूस सकाळी आपलं आपण कधी उठलाय का?"

"लहानपणी आई तोंडावर पाणी मारायची."

"मी पांघरूण ओढते, पंखा बंद करते. तरी 'पाचच मिनिटं' म्हणून कूस बदलतात."

"डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायला हवं होतं, पाच मिनिटं मागेल म्हणून!"

"हसवू नका हो, लोक बघतायत."

"बघू देत. पण डॉक्टर येईपर्यंत तुम्ही डोळे मिटून काय पुटपुटत होतात?"

"कुठे काय?"

"ओठ हलत होते. मी बघितलं."

"रोजचंच आपलं."

"रोजचं म्हणजे?"

"'अहो, उठा, सात वाजले.'"

"अगंबाई! दुपारचे तीन वाजलेत, वहिनी!"

"त्यांना आत कुठे घड्याळ दिसत होतं?"