कुलपातला नळ

...नाई, मले एक सांगा राजेहो, नळाले कुलूप कोणी लावते का? पेटीले लावते, दुकानाले लावते, सायकलीले लावते. मी नळाले लावलं! सरकारी नळाले! अन् तेबी माह्या सायकलीचं काढून, साखळीसकट. सायकल चार महिने तशीच उघडी उभी राहे, चोरानं हात लावला नाई, त्यालेबी माहीत असंन की ह्या चंद्रभान मेंबरच्या सायकलीची चैन दर फर्लांगाले उतरते. पण नळ कुलपात! काऊन? मीच म्हटलं न, दोन दिवस थांबा!

आता तुमी म्हणान, मेंबर होते तं अक्कल नव्हती का? होती न बाप्पा, चौऱ्याहत्तरच्या इलेक्शनले उभा राह्यलो तवा होती. आमचा वार्ड म्हणजे गावाचं शेवटचं टोक, नगरपालिकेचं पाणी आमच्यापर्यंत यायच्या आधीच संपे. साऱ्या बाया टेकडीखालच्या विहिरीवर जात. अगदी कोपऱ्यातल्या घरात देवकाबाई, एकटी म्हातारी, गुडघे धरलेले. पण माह्यासाठी दारोदार फिरली! "चंद्रभानले मत द्या वं बायांनो, पोरगं नळ आणते." पोरगं! माह्ये केस पिकले होते राजेहो. निवडून आलो, मंग अर्ज, अर्जावर ठराव, ठरावाची नक्कल, नकलेवर सही, सही करणारा रजेवर... पाचवं वर्ष लागलं तवा कुठं पाईप आला. अन् नळ बसला कुठं? बराबर देवकाबाईच्या दारासमोर! तोटी फिरवली अन् धो धो पाणी! म्हातारी गुंड घेऊन लंगडत लंगडत आली, "बाबू, पयला गुंड मी भरते हो."

अन् मी काय म्हटलं? "काकू, उद्घाटन व्हायचं हाये. दोन दिवस थांबा."

"पाणी तं येऊन राह्यलं न रे?"

"येऊन राह्यलं, पण उद्घाटनाआधी कसं भरता?"

हसू नका! आमच्याकडे नालीवरचा रपटा झाला तरी अध्यक्षानं नारळ फोडल्याबिगर कोणी त्याच्यावर पाय देत नाई, उडी मारून जातेत! अन् खरं सांगू? माह्या मनात फरशी होती. वर्ध्याहून संगमरवरी फरशी आणलती, नाव कोरून. पाच वर्षांत एक काम झालं, त्याच्यावर नाव नको? म्हणून म्हटलं, दोन दिवस थांबा.

गेलो अध्यक्षाकडे. प्रभाकरराव, मोठा माणूस, झुल्यावर बसून सुपारी कातरत होते. "चंद्रभान, पोरीचं लगन हाये बॉ, जरा दम धर." धरला. लगन झालं. मंग म्हणते, "फरशीवर माह्यं नाव खाली काऊन? ऐसा कैसा चलेगा?" नवी फरशी सांगितली. ती आली तं अध्यक्षसाहेब नागपूरले. इकडे पोट्टे तोटी फिरवून पाहेत, म्हणून मी कुलूप घातलं, वरून पोतं बांधलं. आमची बायको शकू घरात रोज तोंड सोडे, "बाया विहिरीवर मरून राह्यल्या, अन् तुमी रिबीनीले इस्त्री करता!" मी म्हणे, तुले राजकारण समजत नाई, दोन दिवस थांब.

तेवढ्यात आमची मुदतच संपली न! इलेक्शन लांबलं, प्रशासक बसला. त्याच्याकडे गेलो. चष्म्यावरून पाह्यलं त्यानं. "आपण कोण?"

"मेंबर."

"होतात."

आलो बाहेर. तवा तरी कुलूप काढावं न माणसानं! नाई काढलं. म्हटलं, इलेक्शन होईन, नवा अध्यक्ष येईन, मंग थाटात करू. ज्याच्यापायी थांबलो ते सारं गेलं, तरी मी आपला थांबूनच!

मंग आषाढात एक दिवस विहिरीवरून बाया बोंबलतच आल्या. देवकाबाईचा पाय शेवाळावर घसरला होता. खुबा मोडला. वर्ध्याच्या दवाखान्यात महिनाभर होती, अन् घरी आणली तं खाटेवर. आता उठणार नाई म्हणे. विहीर होती अर्धा कोस, अन् नळ दारातून दहा पावलं... माह्या कुलपात.

तिले घरी आणली त्या दिवशी किल्लीबी सापडेना. दगडानं फोडलं कुलूप. पोतं फेकलं, गुंड भरला, खांद्यावर घेऊन तिच्या घरात गेलो. मान खाली. म्हटलं, आता म्हातारी शिव्या देईन, देऊ दे, खाऊन घेऊ. तिनं गडवाभर पाणी पेलं. "गोड हाये रे बाबू." अन् मंग हळूच म्हणते, "उद्घाटन झालं का रे? मी दवाखान्यात होती, मले पाह्यता नाई आलं. तुले हार घातला न?"

काय सांगू तिले? म्हटलं, "हो काकू, घातला."

"मंग बरं झालं," म्हणे. "पोराचं नाव झालं."

बाहेर येऊन रडलो राजेहो, नळाजवळ उभा राहून, भर रस्त्यावर.

तवापासून रोज सकाळी तिच्या घरी पाणी मीच टाकतो. लोक विचारतेत, चंद्रभानजी, पाच वर्षं मेंबर होते, वार्डासाठी काय केलं? मी सांगतो न, एका म्हातारीले रोज एक गुंड पाणी. तेबी मेंबरकी गेल्यावर.