डावखुरी, गुरुवारपर्यंत

...नाही, पण मला एक सांगा, माणूस डावखुरा असतो म्हणजे तो किती दिवस असतो? जन्मभर ना? बरं, निदान वर्षभर? आमची प्रिती डावखुरी होती ती गुरुवारपर्यंत. मग पुढच्या गुरुवारपर्यंत देवापुरती उजवी आणि बाकीची डावी, मग पत्रापुरती दोन्ही, मग... थांबा, अशानं तुम्हाला काही कळायचं नाही. मलाही पहिले पंधरा दिवस कळत नव्हतं, आणि मी तर त्याच घरात राहत होते.

प्रिती म्हणजे माझी नणंद. निलेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, धाकटी बहीण, नायगावला एका शाळेत चित्रकला शिकवते, शिकवायची, शिकवते... तेच तर सांगतेय. मी लग्न होऊन शीवहून लालबागला आले तो नोव्हेंबर, आणि त्याच महिन्यात प्रितीला मालिकेत काम मिळालं, तेही मुख्य. मालिकेचं नाव विचारू नका, 'घरच्यांनी बाहेर काही बोलू नये' असं कलम आहे करारात, आणि तुम्हाला सांगते, आमच्या सासूबाईंनी ते कलम अख्ख्या चौदाव्या मजल्याला दारोदार जाऊन वाचून दाखवलं.

तर दोन वर्षं चाललेली मालिका, जुनी नायिका सोडून गेली, तिला गोष्टीत काशीला धाडलं आणि तिच्या जागी कालिंदी नावाची नवी आणली. ती कालिंदी म्हणजे आमची प्रिती. चॅनेलवाले म्हणाले, आधी तीन महिने बघू, चाललीस तर वर्षाचा करार. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "बिनपगारी रजा देते, पण सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला हजर पाहिजेस, नाहीतर राजीनामा. अधलंमधलं काही मला चालायचं नाही." म्हणजे सव्वीस जानेवारीच्या आत वर्षाचा करार हातात, नाहीतर पुन्हा पाचवी ब आणि जलरंगाचे डबे. प्रितीला पाचवी ब आवडत नव्हती असं नाही हो, पण कॉलेजपासून प्रत्येक स्पर्धेत हिनं नाटकं केली, आणि हातात आलेली ही पहिलीच खरी संधी. रोज रात्री कॅलेंडरवर सव्वीस तारखेकडे बघून मगच झोपायची.

कालिंदीची ओळख म्हणून तिला एक पान आलं होतं. शंतनु नावाच्या लेखकानं पाठवलेलं. कालिंदी, वय सव्वीस, अनाथ, मितभाषी, स्वाभिमानी, डावखुरी. बस, एवढंच. प्रितीनं फोन करून विचारलं, "डावखुरी का?" तर म्हणे, "अगं, वेगळी वाटायला नको का?"

आता दुसरी एखादी असती तर पेन डाव्या हातात धरून मोकळी झाली असती. पण ही पडली दत्तारामांची मुलगी. दत्ताराम म्हणजे माझे सासरे, आमचे बाबा. गिरणीत होते आणि गिरणीच्या नाटकातही होते, आणि एकदा आंधळ्याचं काम मिळालं म्हणून महिनाभर डोळ्यांना पट्टी बांधून चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वावरले होते, त्यात दोन माठ गेले आणि सासूबाई पंधरा दिवस माहेरी गेल्या. त्या बाबांनी आजवर कुणाच्या कामाला चांगलं म्हटलेलं नाही. म्हटलं तर एवढंच म्हणतात, "माणूस दिसला." तेही म्हणे शहाऐंशी साली एकदा म्हणाले होते.

तर प्रितीनं घेतलं मनावर. दात डाव्यानं, वेणी डाव्यानं, दाराची कडी डाव्यानं, दुरेघी वहीत अ आ इ ई डाव्यानं, आणि एके दिवशी बांगडा डाव्यानं... तिथे आई, म्हणजे सासूबाई, उठल्याच. "प्रिती, घास उजव्यानं. तुझी कालिंदी गेली खड्ड्यात, अन्नाला डावा हात लावलास तर ताट उचलेन." शेजारच्या शांताकाकू दारात उभ्याच होत्या, "गो कांता, चेडवाच्या उजव्या हाताक काय झाला?" आई म्हणाल्या, काही नाही झालं, सांगायची बंदी आहे, आणि मग सगळं सांगितलं.

मी हे सगळं ओट्यापाशी उभी राहून बघायची. मी तशी बोलत नाही फारसं. आई शांताकाकूंना सांगायच्या, सून अगदी गरीब आहे, आणि फोनवर आपल्या बहिणीला सांगायच्या, आतल्या गाठीची आहे. मीही त्या घरात नवीनच पात्र होते म्हणा ना.

पहिला आठवडा छान गेला. कालिंदी आली, डाव्या हातानं रांगोळी काढली, लोकांना आवडली. मग आला गुरुवार. तुम्हाला माहीत असेल नसेल, पण या मालिकांचा निकाल दर गुरुवारी लागतो. किती घरांनी पाहिलं त्याचा आकडा येतो, आणि आकडा आला की गोष्ट बदलते. आमच्या घरी गुरुवारी मासे नसतात, तिथे गुरुवारी नायिका नसते. म्हणजे असते, कालची नसते. झालं काय होतं, कालिंदीनं आरती केली होती डाव्या हातानं. प्रेक्षकांचे निरोपावर निरोप, देवाला डावा हात? घरात मोठं माणूस कुणी नाही का? (नाहीच, अनाथ आहे ती.) झालं, वरून हुकूम आला, देवाचं उजव्यानं, बाकीचं डाव्यानं. प्रितीनं आरसा घेऊन तेही बसवलं. म्हणाली, असतात अशी घरं, वहिनी, लहानपणी हातावर मारून शिकवलेलं असतं. चला, ठरलं. गुरुवारपर्यंत.

कारण तिथे लिहिणारे तिघं. कथा एकाची, ती तो फोनवर सांगतो. पटकथा शंतनुची. संवाद तिसऱ्याचे, ते प्रितीच्या फोनवर येणार ती मेकअपला बसली की. आणि या तिघांची गाठ म्हणे मालिकेला वर्ष झालं तेव्हा केक कापताना पडली होती, तेवढीच. त्यामुळे पुढच्या आठवड्यात अनाथ कालिंदीला कोल्हापूरहून मामाचा फोन आला, मितभाषी कालिंदी आत्मसन्मानावर साडेतीन पानं बोलली, आणि पत्र लिहायचा प्रसंग आला तेव्हा दिग्दर्शक अजितदादा म्हणाले, "प्रिती, उजव्यानं लिही ना बाळा, लाइट या बाजूला लावलाय, हलवायला अर्धा तास जाईल." म्हणजे पत्राची सुरुवात डाव्यानं, मधला मजकूर उजव्यानं, आणि 'तुमचीच कालिंदी' परत डाव्यानं, कारण तोवर लाइट हलवावाच लागला होता.

प्रितीनं शंतनुला फोन लावला. स्पीकरवर होता, मी तांदूळ निवडत होते. "अगं, प्रेक्षक हात बघत नाहीत प्रिती, प्रेक्षक डोळे बघतात." प्रसंग दाखवला त्या दिवशी मोबाइलवर त्या भागाखाली साडेचारशे लोकांनी लिहिलं होतं, आणि एकालाही डोळ्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. लिफ्टमध्ये एक बाई प्रितीला म्हणाली, "तुमचं काम बरं असतं, पण तुम्ही लक्ष देत नाही हो." ही तिच्याशी हसली, आणि घरी येऊन न्हाणीघरात अर्धा तास नळ सोडून बसली. आकडाही पडला. तीन महिन्यांतले सहा आठवडे संपले होते, आणि अजितदादांनी बोलता बोलता सांगितलं होतं, हे असंच राहिलं तर तुलाही काशीला...

आणि तुम्हाला सांगते, इथे तिनं जे केलं ते फक्त मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आली, माझ्याशेजारी उभी राहिली, म्हणाली, "वहिनी, बाई दोन्ही हात वापरते ना, मग तिचं काहीतरी कारण असणार. त्यांच्याकडे नाहीये, मग मीच देते. खरं बोलताना डावा. खोटं बोलताना उजवा." मी म्हटलं, "आणि देवाला?" ती म्हणाली, "म्हणजे बघ, केवढी खोटी असेल ती."

त्या दिवसापासून तिनं तसंच केलं. संवाद काही येवोत, लाइट कुठेही असो, ती आधी ठरवायची, हे खरं की खोटं, आणि मग हात. दिग्दर्शकाला वाटायचं बाई गोंधळतेय. आकडा थोडा सावरला, का ते कुणालाच कळेना. मग एका बुधवारी घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, पडद्यावर कालिंदी (तोवर तिचं लग्नही लावून दिलं होतं) सासऱ्यांना चहा देत होती, उजव्या हातानं, "बाबा, मी तुमची सून नाही, मुलगीच आहे," आई डोळ्यांना पदर लावतायत, आणि बाबा मागून म्हणाले, "खोटं बोलतेय ही."

"गप्प बसा हो," आई म्हणाल्या, "केवढी गुणाची पोर आहे."

"गुणाची असेल. खोटं बोलतेय."

प्रिती खाली बसून पायाची नखं कापत होती. तिनं मान वर केली नाही, पण नेलकटर थांबलं.

आता पुढचं ऐका. जानेवारी लागला, आणि त्या तिघांपैकी कुणाच्या तरी डोक्यात आलं की सासऱ्यांना जिन्यावरून ढकलायचं. ढकलणार थोरली जाऊ, ती खलनायिका, ते ठरलेलंच. पण पुरावा पाहिजे. इन्स्पेक्टर येतो, कठड्यावरचा हाताचा ठसा बघतो आणि म्हणतो, "हे काम डावखुऱ्या माणसाचं आहे." शंतनुचा बेत असा की पंधरा दिवसांनी थोरली जाऊ डाव्या हातानं चेक लिहिताना सापडणार आणि सगळा महाराष्ट्र हादरणार. आता तुमच्या लक्षात आलं ना? तुम्ही इथे पाच मिनिटं बसलायत, तुमच्या लक्षात आलं. त्या तिघांच्या नाही आलं. भाग दाखवला, आणि सगळा महाराष्ट्र त्याच रात्री हादरला, की अरे, डावखुरी तर कालिंदी आहे.

गुरुवार आला. आकडा दुप्पट. दुपारी हुकूम, कालिंदीनंच ढकललंय.

प्रितीनं शंतनुला फोन केला. रागानं नाही, उलट मदत करायला. म्हणाली, घाबरू नकोस, मागचं सगळं जुळतंय, मी पाच आठवडे खोट्याला उजवा आणि खऱ्याला डावा ठेवलाय, परत लावून बघ. तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "वा. वा, प्रिती. छान. कुणाला बोलू नकोस." आणि दोन दिवसांनी त्याची मुलाखत आली, मोबाइलवर सगळ्यांनी बघितली, "कालिंदीचा उजवा हात म्हणजे तिचं असत्य, हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं." निलेश म्हणाला, याला गाठतो मी दादरला. प्रिती म्हणाली, "जाऊ दे रे. करार येतोय रविवारी."

आला की. रविवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, माझं पहिलं हळदीकुंकू, मी काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर, मुंग्यांच्या भीतीनं जागची न हलता. आणि आईंनी हौसेनं हळदकुंकवाचा मान दिला प्रितीला, कारण मजल्यावरच्या बायका काही मला बघायला आल्या नव्हत्या. प्रितीनं करंडा उचलला, उजवा हात पुढे केला, आणि शांताकाकू मागे सरकल्या. "नको गो बाय. उजवो तुझो खोट्याचो."

प्रितीनं हात बदलला.

"डाव्यान कुंकू लावतंस? माझो घोव जिवंत आसा अजून."

आता करा काय करायचं ते. उजव्या हाताचं कुंकू खोटं, डाव्या हाताचं अशुभ. काकूंच्या मागे बायकांची रांग दारापर्यंत, आणि एकजण पुढे येईना. आई म्हणाल्या, अगं शांता, ती मालिका आहे. काकू म्हणाल्या, "माका ठाऊक आसा ती मालिका. पण लेखक स्वतः बोललो ना." शेवटी मीच उठले, कुठल्याशा हातानं सगळ्यांना कुंकू लावलं, हलव्याचे पाच-सहा दाणे सांडले, आणि त्या दिवसापासून आई सांगतात, सून धीट आहे.

बायका गेल्या आणि करार घेऊन निर्मात्यांचा माणूस आला. एक वर्ष. खलनायिकेला मरण नसतं म्हणे या धंद्यात. शेवटच्या पानावर सही. आई म्हणाल्या, शुभ काम आहे, उजव्यानं कर. बाबा खुर्चीतून म्हणाले, "खरं असेल तर डाव्यानं कर." तो माणूस म्हणाला, "मॅडम, कुठल्याही हातानं करा, फक्त पहिल्या करारासारखी आली पाहिजे." पहिली उजव्याची होती. प्रितीनं पेन उजव्या हातात घेतलं आणि सही केली.

तो माणूस जुना कागद शेजारी ठेवून बघत राहिला. पुन्हा करायला सांगितली. तिसऱ्यांदा सांगितली. तीन महिने दुरेघी वहीत डाव्यानं आणि आरशासमोर उजव्यानं केल्यावर त्या हाताला आपली सही कशी होती तेच आठवेना. वेलांटी भलतीकडेच जायची. "ही सही तुमची वाटत नाही हो, मॅडम. ऑफिसला विचारून नवीन कागद आणतो."

"कधी?" प्रितीनं विचारलं, आणि तिला उत्तर ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पाटावरच्या मुंग्यांनासुद्धा ठाऊक होतं.

तो गेल्यावर प्रिती त्या तीन सह्यांच्या कागदाकडे बघत बसली होती. बाबा उठले, तिच्यामागून जाताना जरा थांबले, म्हणाले, "चहाच्या प्रसंगात... माणूस दिसला," आणि दिवा लावायला निघून गेले.

आता झेंडावंदन काही कुणाच्या आकड्यासाठी थांबत नाही. सोमवारी पहाटे प्रिती पांढरी साडी नेसून नायगावला निघाली. आईंनी दारातून हाक मारली, "प्रिती, सलामी उजव्यानं द्यायची गं."

"हो गं आई," चपलेत पाय घालत ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत."